बिनखोडीची शिफारस

मी लिहावं असं माझ्या नोकरीत काही घडलेलं नाही. या अंकाच्या संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. ज्यांनी मोठी कामं केली त्यांनी लिहावं. मी दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला सांगणारा माणूस. शिवाय आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी कुणीतरी लाल शाईचा पेन घेऊन मागे उभं आहे असं अजून वाटतं. तरी लिहितो आहे. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी फ्रेंचचा दुभाषा होतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात. जालन्यात फ्रेंच? पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कंपनीचं भेंडीचं, मिरचीचं, टोमॅटोचं बियाणं फ्रान्समधल्या व्यापाऱ्यांकडे आणि त्यांच्यामार्फत आफ्रिकेतल्या काही देशांत जाऊ लागलं होतं. ती माणसं वर्षातून दोन-तीनदा यायची, शेतात उभे असलेले बीजप्लॉट बघायची, प्रश्न विचारायची. इंग्रजी त्यांना नीट येत नसे आणि आमच्या साहेबांना फ्रेंच बिलकुल येत नसे. मधे मी.

मी हसनाबादजवळच्या एका खेड्यातला. औरंगाबादला बी.ए. करताना संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग लावला, तो खरं तर फी कमी होती आणि वर्गाला पंखा होता म्हणून. आमच्या बाई वयस्कर होत्या, पुदुच्चेरीत शिकलेल्या. त्यांचा एक नेम होता. प्रत्येकानं रोज वर्गात कशाची तरी शिफारस करायची. पेनाची, चपलेची, कॅन्टीनच्या चहाची, कशाचीही. शिफारस नुसती करायची नाही, उत्साहानं करायची. "तू मयताची बातमी सांगतोयस का?" असं त्या मला दर आठवड्याला विचारायच्या.

बाहेरच्या माणसाला हे काम कळावं म्हणून थोडं सांगतो. फ्रेंचमध्ये एखादी वस्तू एकदा नावानं सांगितली की पुढच्या वाक्यात तिचं नाव पुन्हा घेत नाहीत. तिच्या जागी 'तो' किंवा 'ती' येतं आणि ते क्रियापदाच्या आधी बसतं. 'ज वू ला रकोमांद'. म्हणजे 'मी तुम्हाला ती सुचवतो'. मराठीचीच ठेवण आहे ही. इंग्रजी शाळेतून आलेली मुलं इथं अडखळायची, मी नाही. माझी अडचण वेगळी होती. फ्रेंचांची भेंडी पुल्लिंगी असते. मिरचीही. पहिल्या दौऱ्यात मी सगळ्या भेंडीला 'ला' 'ला', म्हणजे 'ती' 'ती', करत फिरलो आणि पाहुण्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. आग्रह करायचा असेल तर मात्र 'तो' क्रियापदाच्या मागे जातो. 'गूते-ल', म्हणजे 'चाखा तो'. हा आग्रह मी एकदा बेर्नार नावाच्या पाहुण्याला हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा केला. सर्वनाम अगदी बरोबर होतं. बेर्नारसाहेब त्यानंतर बराच वेळ बांधावर बसून होते आणि आमचे ड्रायव्हर गफूरभाई त्यांना गूळ भरवत होते.

पण ही सगळी भाषेची बाजू झाली. खरी अडचण माणसांची होती.

आमच्या भागातला शेतकरी आपल्या चीजवस्तूची तारीफ करत नाही. पहिल्याच वर्षी बेर्नारनं हसनाबादच्या नामदेवरावांना माझ्यामार्फत विचारलं, "हे वाण तुम्ही दुसऱ्या शेतकऱ्याला सुचवाल का?" मी मराठीत विचारलं. नामदेवरावांनी आधी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"लावू द्या की ज्याला लावायचं त्याला. बरी हाय. पाण्याची ओढ पडली की जरा रुसती."

मी नवा होतो. ते सगळं तसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं, रुसण्यासकट. बेर्नारनं लिहिणं थांबवलं आणि साहेबांकडे पाहिलं. परत येताना जीपमध्ये साहेब मला म्हणाले, "तू दुभाषा आहेस का साक्षीदार? त्याला माल घ्यायचाय, कोर्टात जायचं न्हाई."

मग मी शिकलो. 'बरी हाय' याचं फ्रेंच 'उत्तम आहे' असं करू लागलो, आणि त्यात फार खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. नामदेवरावांसारख्या माणसानं 'बरी' म्हणणं म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. पण 'रुसती' हा शब्द मी गाळू लागलो. हळूहळू शेतकऱ्यानं काय म्हटलं याच्याकडे माझं लक्ष कमी आणि पाहुण्याच्या पेनाकडे जास्त राहू लागलं. मी हात हलवून बोलायचो. भुवया वर करायचो. 'ज वू ल रकोमांद, ले झ्यो फेर्मे', म्हणजे 'मी तुम्हाला तो डोळे झाकून घ्यायला सांगतो'. हे बेर्नारला फार आवडायचं. साहेब खूश. माझी जागा पक्की झाली.

गफूरभाई आरशातून बघत विचारायचे, "सर, एक बात बताओ. तुमच्या फ्रेंचमध्ये खराब चीज के लिए लफ्ज है की नहीं?"

"आहे की."

"मैं तो कभी सुना नहीं."

जीपमध्ये आम्ही तिघं असायचो, तिसरा महादू. महादू भोकरदनकडचा, कंपनीचा प्लॉट सुपरवायझर, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. वडील लहानपणीच गेले, भावकी कामासाठी कुठं कुठं पांगली, आई मावशीकडे राहायची. माणूस सरळ आणि कामाला वाघ. जेवणानंतर डाव्या तळहातावर तंबाखू मळायची, चुना लावायचा आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसायचं, एवढीच त्याची चैन. गफूरभाई त्यावरूनही चिडवायचे, "महादू की दुल्हन तो उसकी डिबिया में है."

महादूच्या कामाबद्दल सांगायला हवं. भेंडीचं संकरित बी हातानं तयार होतं. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी हेरायची, तिच्यातले नर केसर नखानं आणि चिमट्यानं अलगद काढून टाकायचे, वर कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या ओळीतल्या नर वाणाच्या फुलाचे परागकण तिच्यावर लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. हे काम बाया करतात. एक केसर आत राहिला की ते फळ गेलं. सुपरवायझरनं प्लॉटमधून फिरून हे तपासायचं, आणि बायांशी गोड बोलूनच तपासायचं, कारण रागावलं की दुसऱ्या दिवशी बाया येत नाहीत.

परतूर तालुक्यात आष्टीला आमचे एक जुने शेतकरी होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांची मुलगी कमल बायांच्या टोळीची मुकादम होती. ती दहावीपर्यंत शिकलेली, बोलायला फटकळ. महादूला ती सगळ्यांसमोर विचारायची, "काय सुपरवायझर, चष्मा लागला का? ती टोपी वाकडी न्हाई, फूलच वाकडं हाय."

महादू लाल व्हायचा आणि पुढच्या ओळीत जायचा. मात्र त्या हंगामात आष्टीचा प्लॉट जरा जास्तच वेळा तपासला गेला. गफूरभाई म्हणाले, "सर, गाडी आता आपोआप आष्टीला वळते. स्टिअरिंग कुणीतरी दुसराच धरतो."

एका दुपारी परतूरच्या रस्त्यावर आम्ही रसवंतीपाशी थांबलो होतो. महादूनं डबी काढली, उघडली, न मळताच बंद केली.

"सर, आष्टीचं स्थळ सांगून आलंय."

"कोणाचं?"

"आबाचं." मग डबी खिशात टाकत, "मधी एक पाव्हणा हाय, त्याच्याकडून आलंय. पोरीची ना न्हाई म्हणं."

"अरे मग उशीर कशाचा?"

"आबा चौकशी करणार. माझं कोण हाय सर? गावात घर न्हाई राह्यलं. भावकीला ईचारावं तर ती कुठं गावंल? आबा म्हणले, कंपनीत येऊन ईचारतो." त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "तुम्हालाच ईचारतील. जे हाय ते सांगा म्हंजी झालं."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणालो, काळजी करू नको, ते माझ्यावर सोड. माझं तर कामच ते होतं.

आबा पंधरवड्यानं आले. पांढरं धोतर, नवं उपरणं. साहेबांच्या केबिनकडे न जाता सरळ माझ्या टेबलापाशी आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. आधी पाऊसपाण्याचं झालं, बाजाराचं झालं. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"आमच्याकडं ते महादू येतेत. पोरगं कसंय?"

मी जे बोललो ते मला जवळजवळ शब्दाशब्दानं आठवतं. कारण त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मी म्हणालो, आबा, लाखात एक मुलगा आहे. प्रामाणिक, कष्टाळू, स्वभावानं गाय. साहेबांचा उजवा हात. माझी बहीण लग्नाची असती तर मीच केला असता आमच्या घरचा जावई. कुठं शोधूनही असा मिळायचा नाही. मी हात हलवत होतो. भुवयाही नक्कीच वर गेल्या असतील.

आबा ऐकत होते. चहा बशीत ओतून त्यांनी हळूहळू संपवला.

"आन् काही खोड?"

आमच्याकडे चौकशीला आलेला माणूस शेवटी हा प्रश्न विचारतोच. आणि विचारलेला माणूस एखादी खोड सांगतोच. आमचे वडील कुणाच्याही सोयरिकीत असंच सांगायचे, "पोरगा बरा हाय. जरा तापट हाय, पण मनात ठेवत न्हाई." ती खोड ऐकली की समोरच्याचा जीव खाली बसायचा. बैलबाजारातही तसंच. विकणारा तारीफ करतो. शेजारी खोड सांगतो, आणि लोक बैल घेतात ते शेजाऱ्याच्या शब्दावर. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी ते आलंच नाही असंही नाही. पण मला वाटलं, बिचाऱ्याला पुढं-मागं कुणी नाही, आपणही खोड काढली तर कसं व्हायचं?

"काही नाही आबा. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. डोळे झाकून लेक द्या."

आबांनी बशी टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाले. उठताना मला हात जोडले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

दोन-तीन आठवडे काहीच कळलं नाही. मी महादूला विचारलं, तेव्हा तो जीपचं टायर बघत होता.

"न्हाई जमलं, सर. पत्रिका जुळली न्हाई."

"पत्रिका? आबा पत्रिका बघतात?"

"बघतेत म्हणं." मग उभा राहून हात झटकत म्हणाला, "तुम्ही लई मनावर घेऊ नका. चला, बदनापूरचा प्लॉट राह्यलाय."

मला आबांचा राग आला. चांगला मुलगा हातचा घालवला, असं मी ऑफिसात दोघा-तिघांना बोललोही. पुढच्या हंगामात आष्टीच्या प्लॉटवर दुसरा सुपरवायझर जाऊ लागला. महादूनंच साहेबांना सांगून बदलून घेतलं होतं. कमलचं लग्न घनसावंगीकडे झालं. आम्हाला कंपनीत लग्नाची पत्रिका आली होती, पण कुणी गेलं नाही.

महादूबरोबर मी त्यानंतरही बरीच वर्षं त्याच जीपमधून फिरलो. माझ्या वडिलांच्या आजारपणात तो दवाखान्यात माझ्याबरोबर बसून होता. माझ्या मुलीला सायकल त्यानं शिकवली. पुढं त्याचं लग्न झालं, सिल्लोडकडची मुलगी, साधं लग्न. मांडवात मला बोलायचा आग्रह झाला आणि मी पुन्हा तसंच बोललो, लाखात एक वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाशिंग बांधलेला महादू माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "बास करा सर आता." मला ते त्याच्या लाजाळूपणाचं वाटलं.

नंतर कर्नाटकात राणेबेन्नूरकडे एका कंपनीनं त्याला बोलावलं. तिकडंही हातानं बी तयार करायचं मोठं काम चालतं. तो बायको-मुलांना घेऊन गेला. पहिली दोन वर्षं दिवाळीला पत्र यायचं, मग फोन नंबर बदलले, आणि राहिलं ते राहिलं. गफूरभाईंनी गाडी सोडून भोकरदनला मुलाच्या दुकानात बसायला सुरुवात केली.

माझं फ्रेंचही त्याच सुमारास संपलं. बेर्नार निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेली पोरं इंग्रजीत ईमेल करायची. साहेबांचा मुलगा त्यांना परस्पर उत्तरं द्यायचा. मला कुणी काढलं नाही, पण मला काम उरलं नाही. मग माझ्याकडे शेतकरी मेळाव्यांची व्यवस्था आली. खुर्च्या, मंडप, जेवण. कधी एकटा असलो की मी टेबलावरच्या वस्तूंची मनातल्या मनात शिफारस करून बघायचो. शब्द यायचे. सर्वनामं अजून जागच्या जागी बसायची. फक्त ऐकणारं कोणी नव्हतं.

अशाच एका मेळाव्यात, दोन हजारनंतरची गोष्ट, चहाच्या टेबलापाशी एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काठाची साडी, केस थोडे पांढरे, हातात उत्तम उत्पादकाचं प्रशस्तिपत्र.

"ओळखलं का सर? आष्टी. आबाची कमल."

मी खरंच आनंदलो. त्या आता स्वतःच्या नावावर मिरचीचा प्लॉट घेत होत्या. नवऱ्याचं दुकान होतं, शेती त्याच बघायच्या. दोन मुलगे, थोरला औरंगाबादला शिकायला. आबा आदल्या वर्षीच गेले होते. मी हळहळलो. आणि मग, इतक्या वर्षांनी, बोलू नये ते बोललो.

"आबांनी पत्रिकेपायी तेव्हा चांगलं स्थळ सोडलं, ताई."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कोणती पत्रिका?"

"महादूची. जुळली नाही ना?"

"आमच्या आबानं जिंदगीत कधी पत्रिका न्हाई बघितली." त्या हसल्या, पण हसू लगेच गेलं. "सर, तुम्हाला खरंच माहीत न्हाई?"

मी म्हणालो, नाही.

"आबा तुमच्याकडं आल्ते. घरी येऊन आईला म्हणले, त्या सायबाला मी खोड ईचारली, तर म्हणला सुपारी बी खात न्हाई. आन् म्हणले, महादूच्या हातावर मीच आठ दिवसाआधी तंबाखू ठेवल्ती." त्यांनी हात झटकला. "तंबाखूचं काय, सर? आबा बी खायचे. पण आबा म्हणले, जो माणूस एवढी बारकी गोष्ट झाकून राह्यला, त्यानं मोठी कोणती झाकली आसंल? ज्याच्या मागं कोणी न्हाई, त्याची एवढी तारीफ कशापायी? मी लई सांगितलं. आईनं बी सांगितलं. न्हाई ऐकले."

पलीकडे माईकवर कुणीतरी जेवणाच्या रांगा लावायला सांगत होतं. ते काम माझं होतं. मी हललो नाही.

"महादूला हे..."

"त्याच आठवड्यात. तो आल्ता ना घरी, मधल्या पाव्हण्याला घेऊन. आबानं तोंडावर सांगितलं. मी आत चुलीपाशी होते, सगळं ऐकून राह्यले होते." त्यांनी प्रशस्तिपत्राची गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यानं डबी काढून आबासमोर ठेवली. म्हणला, खातो मी, आबा. आबा म्हणले, आता काय उपेग? मंग त्यानं एकच गोष्ट मागितली. म्हणला, सरांनी माझ्या भल्यासाठीच केलं, त्यांना ह्यातलं कोणी काही बोलू नका. आबानं शब्द दिला. म्हणून तर आबा असंस्तोवर मी तुम्हाला कधी ओळख दिली न्हाई. मागच्या मेळाव्यात बी तुम्हीच वाढून राह्यल्ते माझ्या पानात."

सायकल धरून माझ्या मुलीच्या मागे धावणारा महादू डोळ्यांसमोर आला. मी विचारलं, राणेबेन्नूरला तो आता कुठं असतो, कसा आहे, काही ठाऊक आहे का.

"मला कसं ठाऊक असंल, सर?" कमलताई म्हणाल्या. "मी कोणाला ईचारणार?"